आधी डीबीचा ताळा जुळवा, मग रेडिओला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६४ सबकॅरियरचा, २० मेगाहर्ट्झ रुंदीचा ओएफडीएम रिसीव्हर (डेटा सबकॅरियर नावाच्या अनेक शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवण्याची पद्धत), प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला एकच पायलट सिंबल (रिसीव्हरला आधीच माहीत असलेला), आणि त्यावरून चॅनेलचा, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो त्याचा, अंदाज बांधणारं न्यूरल नेटवर्क. रॅले फेडिंगच्या (अनेक वाटांनी आलेल्या लहरींमुळे सिग्नलची ताकद वर-खाली होण्याच्या) सिम्युलेशनमध्ये, चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगशिवायच्या क्यूपीएसकेसाठी (दर सिंबलला दोन बिट), हजारात एक बिट चुकण्याच्या पातळीवर, हे नेटवर्क लीस्ट स्क्वेअर्स या साध्या पद्धतीपेक्षा ४ डीबी (डेसिबल) पुढे आहे, म्हणजे ४ डीबी कमी सिग्नलवरही तेवढ्याच चुका करतं. एकाच सॉफ्टवेअर रेडिओ बोर्डवर ट्रान्समिट पोर्टपासून रिसीव्ह पोर्टला केबल जोडली की सगळं सुरळीत चालतं. पण दोन वेगळे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवर समोरासमोर ठेवले की एकही पॅकेट वाचता येत नाही. मार्गदर्शक म्हणतात, सिम्युलेशनवर पेपर लिहून टाका. मग नेटवर्क मोठं करावं, की हार्डवेअरचा नाद सोडावा?

दोन्ही करू नका. इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि नेटवर्कच्या आकाराशी त्यांतल्या एकीचाही संबंध नाही. दोन बोर्डांवर काही न चालणं ही नेहमीची गोष्ट आहे, तिचं कारण पुढे सांगतो. मला जास्त खटकतो तो ४ डीबीचा फायदा.

लीस्ट स्क्वेअर्स काय करतं ते पाहा. पायलटवर जे आलं त्याला जे पाठवलं होतं त्याने भागायचं, एवढंच. त्यामुळे प्रत्येक सबकॅरियरवर मिळणाऱ्या अंदाजात नॉइज असतोच, आणि पायलटची ताकद डेटाइतकीच असेल तर तो डेटावरच्या नॉइजइतकाच असतो. डेटा वाचताना हे दोन सारखे नॉइज एकत्र येतात. म्हणजे नॉइज दुप्पट झाला, म्हणजेच ३ डीबी गेले. याचा अर्थ, चॅनेल अगदी अचूक माहीत असलेला आदर्श रिसीव्हर लीस्ट स्क्वेअर्सच्या ३ डीबी पुढे असतो. एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांच्या ताकदीचं गुणोत्तर) कमी असेल तर हा फरक वाढतो, ० डीबीला तो पावणेपाचच्या आसपास जातो. पण रॅले फेडिंगमध्ये हजारात एक चूक मिळते ती दर बिटामागे २४ डीबीच्या जवळ, आणि तिथे फरक ३ डीबीच असतो.

तुमचं नेटवर्क ४ डीबी पुढे आहे. म्हणजे ज्याला चॅनेल अचूक माहीत आहे त्याच्याही ते १ डीबी पुढे गेलं. कोडिंग नसताना, प्रत्येक सबकॅरियर स्वतंत्र वाचला जात असताना, हे होऊच शकत नाही. तुम्ही म्हणाल, ट्रेनिंगमधले चॅनेल टेस्टमध्ये शिरले असतील. शिरले असू शकतात, तेही तपासा. पण नेटवर्कने सगळे चॅनेल पाठ केले तरी त्याला जास्तीत जास्त ‘चॅनेल अचूक माहीत आहे’ एवढीच पायरी गाठता येते. त्यापलीकडे गेलात म्हणजे दोन पद्धतींचे चुकांचे वक्र वेगवेगळ्या एसएनआरवर काढले गेले आहेत. चूक नेटवर्कमध्ये नसून हिशेबात आहे.

आता प्रामाणिकपणे किती फायदा शक्य आहे तेही काढू. समजा चॅनेलला ८ टॅप (वेगवेगळ्या उशिराने पोचणारे सिग्नलचे पडसाद) आहेत आणि सोपेपणासाठी ६४ही सबकॅरियरवर पायलट आहे. तुम्ही ६४ आकडे स्वतंत्र समजून मोजताय, पण खरे अज्ञात आठच आहेत. लीस्ट स्क्वेअर्सचा अंदाज इन्व्हर्स एफएफटीने टाइम डोमेनमध्ये न्या, पहिले ८ नमुने ठेवा, उरलेले ५६ शून्य करा आणि परत फ्रिक्वेन्सी डोमेनमध्ये आणा. अंदाजातला नॉइज एक अष्टमांश झाला, म्हणजे ९ डीबीने उतरला. आता डेटा वाचताना एकूण नॉइज दुपटीऐवजी सव्वाच्याही आत, १.१२५ पट. ३ डीबीचं नुकसान अर्ध्या डीबीवर आलं. एकही वजन न शिकवता, दोन एफएफटी आणि थोड्या शून्यांच्या जोरावर अडीच डीबी मिळाले. चॅनेलची आकडेवारी माहीत असेल तर एलएमएमएसई (तिच्या आधारे सरासरी चूक कमीत कमी ठेवणारा रेषीय अंदाज) यापेक्षाही थोडं पुढे जातं.

म्हणून तुमची तुलना लीस्ट स्क्वेअर्सशी असून चालणार नाही. ती या छाटलेल्या अंदाजाशी आणि एलएमएमएसईशी हवी. तसं केलंत की या चॅनेलवर नेटवर्कला कमवायला जेमतेम अर्धा डीबी उरतो. ऐकायला हे बरं वाटणार नाही, पण पेपर पाठवल्यावर परीक्षकाकडून ऐकण्यापेक्षा आत्ता कळलेलं चांगलं.

शाळेत गुणाकार झाला की ताळा करून पाहायचो, तसा डीबीचाही ताळा करता येतो आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुरुवात अगदी खालून करा. चॅनेल काढून टाका, फक्त नॉइज ठेवा, बीपीएसके (दर सिंबलला एकच बिट) पाठवा. दर बिटाची ऊर्जा आणि नॉइजची घनता यांचं गुणोत्तर, ज्याला आपण ईबी-एन-नॉट म्हणतो, ते ० डीबी असताना साधारण ७.९ टक्के बिट चुकले पाहिजेत. ६.८ डीबीला हजारात एक, ९.६ डीबीला लाखात एक. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. तुमचा वक्र सैद्धान्तिक वक्रावर तंतोतंत बसला पाहिजे, ‘जवळपास’ नव्हे. मग फेडिंग घाला, चॅनेल रिसीव्हरला अचूक सांगा आणि हजारात एक चूक २४ डीबीला येते का पाहा. हे जुळल्यावरच लीस्ट स्क्वेअर्स जोडा, ते बरोबर ३ डीबी मागे पडलं पाहिजे. नेटवर्कची पाळी त्यानंतर.

हा ताळा कुठे चुकतो त्या जागा ठरलेल्या आहेत. सायक्लिक प्रिफिक्स (सिंबलच्या शेवटाची त्याच्या सुरुवातीला जोडलेली नक्कल) १६ नमुन्यांचा असेल तर दर सिंबलमागे ८० नमुने पाठवले जातात आणि उपयोगी ६४ असतात. ही ऊर्जा हिशेबात धरली तर ०.९७ डीबी लागतात. एका वक्रात धरली आणि दुसऱ्यात विसरली तर जवळजवळ १ डीबीचा ‘फायदा’ आपोआप दिसतो. ६४ पैकी ५२च सबकॅरियर वापरले असतील तर आणखी ०.९ डीबीचा असाच प्रश्न येतो. शक्य असलेल्या अडीच डीबीच्या वरचे तुमचे दीड डीबी याच दोन खिशांत सापडतील असा माझा दाट संशय आहे. त्याशिवाय इन्व्हर्स एफएफटीचं स्केलिंग आहेच. बहुतेक लायब्ररी तिथे ६४ने भागतात, त्यामुळे सिग्नलची ताकद बदलते, आणि नॉइज मात्र जुन्या ताकदीवर बेतलेला राहतो. दर सिंबलला ४ नमुने घेत असाल तर दर नमुन्याचा एसएनआर ६ डीबी खाली असतो, हेही हमखास विसरलं जातं.

माझ्या संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी एक इक्वलायझर (चॅनेलचा परिणाम पुसून काढणारा भाग) सैद्धान्तिक मर्यादेच्या ३ डीबी पुढे निघाला होता. तीन आठवडे मी तो का चांगला आहे याची कारणं शोधत होतो. दोन पानं लिहूनही झाली होती. मग एका संध्याकाळी चॅनेल, इक्वलायझर सगळं काढून नुसता नॉइज एका ॲरेमध्ये घेतला आणि त्याची ताकद छापली. १ यायला हवी तिथे ०.५ आली. कॉम्प्लेक्स नॉइजच्या रिअल आणि इमॅजिनरी भागांना अर्धा-अर्धा वाटा द्यायचा असतो. तो एका फंक्शनने आधीच दिला होता आणि मी बाहेर पुन्हा दिला होता. ती एक ओळ दुरुस्त केली आणि ३ डीबी नाहीसे झाले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रकल्पात पहिली फाइल हीच असते: नॉइजची ताकद, सिग्नलची ताकद, बीपीएसकेचा वक्र. ती चालल्याशिवाय दुसरी फाइल उघडत नाही.

एक चूक मात्र विशेष फसवी आहे. चॅनेलची ताकद सरासरीने १ असावी म्हणून काही जण प्रत्येक पॅकेटचा चॅनेल त्याच्याच ताकदीने भागून टाकतात. सरासरी १ येते खरी, पण खोल फेड येणारी पॅकेटं त्यात सावरली जातात. एकच टॅप असेल तर फेडिंग पूर्णच संपतं आणि वक्र नॉइजच्या वक्रासारखा तीव्र उतरू लागतो. भागायचं ते हजारो पॅकेटांच्या सरासरी ताकदीने, प्रत्येकाच्या स्वतःच्या नाही.

चुका मोजण्याबद्दलही थोडं. १०० चुका मोजल्या तर अंदाजात साधारण १० टक्क्यांची अनिश्चितता राहते. पण हे चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरं. फेडिंगमध्ये एक वाईट चॅनेल एकटाच शंभर चुका देऊन जातो. तेव्हा मोजायचे ते किती वेगवेगळे चॅनेल पाहिले हे. आणि एकही चूक दिसली नाही तर ‘शून्य’ लिहू नका. दहा लाख स्वतंत्र बिटांत एकही चूक नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण दहा लाखांत तीनपेक्षा कमी आहे.

कुणी म्हणेल, एवढा संशय कशाला? क्लॉड बेरू, अलँ ग्लाविओ आणि पुण्य थितिमाजशिमा यांनी १९९३ मध्ये चुका दुरुस्त करणारे टर्बो कोड मांडले, तेव्हा अर्ध्या दराच्या (पाठवलेल्या दोन बिटांमागे एक बिट माहितीचा) कोडला लाखात एक चूक ०.७ डीबीला मिळते असं दाखवलं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये आखलेली मर्यादा या दरासाठी ० डीबी आहे. इतक्या जवळ कुणी पोचलं नव्हतं. कुठेतरी ३ डीबीची चूक असणार, असंच पुष्कळांना वाटलं. इतरांनी स्वतः बांधून पाहिलं, तोच आकडा आला आणि शंका संपली. खरा निकाल अशा तपासातून अधिक भक्कम होऊन बाहेर येतो. तुमच्या पेपरमध्येही पुरेसा तपशील असा हवा की वाचणाऱ्याला तुमचा वक्र स्वतः काढता यावा.

आता बोर्डांकडे वळू. एका बोर्डवर केबल जोडून सगळं चालतं, कारण ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्ही एकाच क्रिस्टलवर चालतात. फ्रिक्वेन्सीतला फरक शून्य, सॅम्पलिंग क्लॉकमधला फरक शून्य. त्या चाचणीने तुमचा एफएफटी बरोबर आहे एवढं सिद्ध झालं, सिंक्रोनायझेशनची, म्हणजे दोन्ही बाजूंची वेळ आणि फ्रिक्वेन्सी जुळवण्याची, परीक्षा झालीच नाही. सिम्युलेशनमध्येही तुम्ही हे दोन्ही शून्यच धरले होते.

दोन बोर्ड घेतले की क्रिस्टल दोन झाले. प्रत्येकाची अचूकता दशलक्षामागे २० धरा. २.४ गिगाहर्ट्झवर एका बोर्डची चूक ४८ किलोहर्ट्झपर्यंत जाते, दोन विरुद्ध दिशांना असतील तर फरक ९६ किलोहर्ट्झ. तुमच्या सबकॅरियरमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे फरक त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा. एवढ्या फरकाने सबकॅरियर एकमेकांत सांडतात. नॉइज अजिबात नसला तरी सिग्नल आणि ही सांडलेली ऊर्जा यांचं गुणोत्तर ४ डीबीच्या थोडंच वर राहतं. शिवाय ४ मायक्रोसेकंदांच्या एका सिंबलमध्ये फेज सुमारे १३८ अंश फिरतो. पहिल्या पायलटवर बांधलेला चॅनेलचा अंदाज पुढच्याच सिंबलला निरुपयोगी होतो. नेटवर्क कितीही मोठं करा, त्याला हे कधी दाखवलंच नाही तर ते काय करणार?

८०२.११ए या वाय-फाय मानकाची रचना इथे मन लावून वाचण्यासारखी आहे, कारण तिचा प्रिअँबल (पॅकेटच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) याच रोगावरचं औषध आहे. सुरुवातीला ०.८ मायक्रोसेकंदांचा तुकडा दहा वेळा येतो. सलग दोन तुकडे सारखेच असल्यामुळे त्यांच्यात जो फेजचा फरक दिसेल तो केवळ फ्रिक्वेन्सीच्या फरकामुळे असतो. तुकडे जितके जवळ तितका मोठा फरक ओळखता येतो, या छोट्या तुकड्यांनी दोन्ही बाजूंना ६२५ किलोहर्ट्झपर्यंत. नंतर ३.२ मायक्रोसेकंदांचा तुकडा दोनदा येतो. त्याची पोच दोन्ही बाजूंना १५६.२५ किलोहर्ट्झच आहे, पण अचूकता जास्त. आधी ढोबळ, मग बारीक. सारख्या दोन अर्धुकांवरून वेळ आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही काढण्याची श्मिडल आणि कॉक्स यांची १९९७ची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे, आणि ती दोन-चार ओळींत लिहून होते.

त्यानंतरही थोडा फरक उरतो. ५०० हर्ट्झ उरला तर १ मिलिसेकंदात फेज अर्धं वर्तुळ फिरतो. म्हणून ५२ सबकॅरियरपैकी ४ पायलट प्रत्येक सिंबलमध्ये राखलेले असतात, त्यांच्यावरून फेज सतत दुरुस्त करायचा. सॅम्पलिंग क्लॉक दशलक्षामागे ४० ने वेगळे असतील तर दर २५,००० नमुन्यांमागे एक नमुना घसरतो, म्हणजे दर १.२५ मिलिसेकंदाला. एका नमुन्याची घसरण दर सबकॅरियरला ५.६ अंशांचा उतार होऊन दिसते.

बोर्डांची ओळख करून घ्यायची तर ओएफडीएम बाजूला ठेवा. दोन बोर्ड केबलने जोडा, मध्ये ३० डीबीचा अँटेन्यूएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) घाला, नाहीतर समोरच्याचा फ्रंट एंड जळू शकतो. आणि बेसबँडमध्ये १ मेगाहर्ट्झचा एकच टोन पाठवा. रिसीव्हरचा स्पेक्ट्रम उघडा. समजा टोन १.०३७ मेगाहर्ट्झवर दिसला. फरक ३७ किलोहर्ट्झ, म्हणजे दशलक्षामागे १५ च्या थोडं वर. एका नजरेत मोजून झालं. पण इतर रेषाही बघा. ० वर बारीक रेषा असेल तर तो रिसीव्हरचा डीसी ऑफसेट. ०.०३७ वर असेल तर ती ट्रान्समीटरच्या ऑसिलेटरची गळती. उणे १.०३७ वर प्रतिबिंब दिसलं तर आय आणि क्यू (सिग्नलचे रिअल आणि इमॅजिनरी भाग) यांचा असमतोल रिसीव्हरचा, आणि उणे ०.९६३ वर दिसलं तर ट्रान्समीटरचा. फ्रिक्वेन्सीचा फरक एरवी अडचण करतो, इथे मात्र तोच दोन्ही बाजूंचे दोष वेगळे करून दाखवतो. प्रतिबिंब २३ डीबी खाली असेल तर असमतोल साधारण १ डीबी आणि ५ अंशांचा आहे असं समजा. क्यूपीएसकेला तो खपतो, दर सिंबलला सहा बिट नेणाऱ्या ६४-क्यूएएमला नाही.

मग सिंक्रोनायझेशन घालून कॉन्स्टेलेशन, म्हणजे आलेल्या सिंबलांचं ठिपक्यांचं चित्र, पाहा. ठिपक्यांची वर्तुळाकार कडी झाली असेल तर फ्रिक्वेन्सीचा फरक अजून शिल्लक आहे. बाहेरचे ठिपके कमानीसारखे पसरले आणि आतले गोलच राहिले तर फेज नॉइज. प्रत्येक ठिपक्याच्या जागी छोटी कडी असेल तर कुठून तरी एखादा टोन आत येतो आहे. कोपऱ्यातले ठिपके मध्याकडे दबले असतील तर ॲम्प्लिफायर संपृक्त होतोय. ओएफडीएममध्ये सरासरीपेक्षा १० ते १२ डीबी उंच शिखरं येतात, त्यामुळे पातळी थोडी उतरवून पाहा. सुरुवातीला दोन्ही बोर्डांना एकच १० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक देता आला तर द्या. तेव्हा चाललं आणि क्लॉक काढल्यावर बंद पडलं, तर दोष नेमका कुठे आहे ते सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

तुमच्या नेटवर्कबद्दल यात एक खास गोष्ट आहे. सिम्युलेशनमध्ये चॅनेलचा पहिला टॅप नेमका शून्याव्या नमुन्यावर होता. खऱ्या रिसीव्हरमध्ये एफएफटीची खिडकी मुद्दाम थोडी आधी उघडतात, प्रिफिक्सच्या आत, म्हणजे पुढच्या सिंबलचा शिरकाव होत नाही. तीन नमुने आधी उघडली तर अख्खा चॅनेल तीन नमुने सरकतो. छाटणीच्या पद्धतीत खिडकी तीनने मोठी केली की काम होतं. नेटवर्कने मात्र असा चॅनेल पाहिलेला नसतो. तेव्हा ट्रेनिंगमध्येच प्रत्येक पॅकेटला वेळेची आणि उरलेल्या फ्रिक्वेन्सीची चूक रँडम घाला.

मार्गदर्शकांना काय सांगायचं? वरचा हिशेब एका कागदावर मांडून न्या: आदर्श रिसीव्हर, लीस्ट स्क्वेअर्स, छाटलेला अंदाज, एलएमएमएसई आणि नेटवर्क, पाचही वक्र एकाच चित्रात, एकाच ऊर्जेच्या व्याख्येवर. ते बघितल्यावर ४ डीबीचा पेपर पाठवा असं कुणी म्हणणार नाही. आणि तुमचं काम वाया गेलेलं नाही. रेषीय चॅनेल, पुरेसा प्रिफिक्स, भरपूर पायलट, ही जुन्या पद्धतींची हक्काची जमीन आहे, तिथे नेटवर्कला कमवायला काही नाही. पायलट विरळ असले, चॅनेल प्रिफिक्सपेक्षा लांब असला, ॲम्प्लिफायर शिखरं कापत असला, तर रेषीय अंदाजाची गृहीतकं मोडतात आणि तिथे शिकणाऱ्या रिसीव्हरला खरी संधी असते. यातली एकच परिस्थिती निवडा. तुमच्याकडे दोन बोर्ड आहेत, तर मी ॲम्प्लिफायरची निवडली असती, कारण पातळी १ डीबीने वाढवत नेत ती टेबलावर हवी तेवढी निर्माण करता येते.

आणि बोर्डवर तुलना करताना आधी हा रिसीव्हर, मग तो, असं चालवू नका. मधल्या वेळात चॅनेल बदलतो, क्रिस्टल तापून सरकतो. रिसीव्हरकडे आलेले कच्चे आय-क्यू नमुने फाइलमध्ये साठवा, प्रत्येक पातळीवर काही हजार पॅकेटं, आणि सगळे रिसीव्हर त्याच फाइलवर चालवा. सिंक्रोनायझेशनचा कोडही सगळ्यांना एकच द्या. मग एखादं पॅकेट नेटवर्कने वाचलं आणि एलएमएमएसईला वाचता आलं नाही, तर त्याच पॅकेटचे नमुने उघडून शिखर कुठे कापलं गेलं आणि कोणते सबकॅरियर बिघडले ते समोर पाहता येतं.